यादीत नावे किती आली ते विचारा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मतदार नोंदणी आणि मतदानाच्या काळातील परीक्षा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहांचे रेक्टर आणि महाविद्यालयांत मतदार नोंदणीचे काम बघणारे प्राध्यापक आहोत. दर वर्षी २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन येतो. शपथ होते, फेरी निघते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि फोटोंसह अहवाल वर जातो. कार्यक्रम किती झाले आणि विद्यार्थी किती आले, हे त्या अहवालात असते. भरलेल्या अर्जांपैकी किती मंजूर झाले, किती फेटाळले गेले आणि कशामुळे, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे सगळे म्हणणे त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे. मुलांना मतदानाचे महत्त्व पटत नाही असे आम्हांला वाटत नाही. त्यांचे अर्ज कुठेतरी अडकतात, आणि कुठे अडकतात हे आपल्या विभागाला कळले तर त्यातले बहुतेक अडथळे आपल्याच परिपत्रकांनी दूर होतील.

आधी तारखांबद्दल. १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, पण पुढची कितीतरी वर्षे नोंदणीसाठी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (त्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात ती तारीख) होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर, १ ऑगस्ट २०२२ पासून, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. शिवाय १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येऊ लागला. महाविद्यालयांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे, कारण प्रथम वर्षाला येणारी बहुतेक मुले याच वयाची असतात. ५ जुलै २००८ ला जन्मलेली मुलगी जून २०२६ मध्ये प्रवेशाला येईल तेव्हा तिला अठरा पूर्ण झालेली नसतील. तरीही ती त्याच दिवशी नमुना ६, म्हणजे नव्याने नाव लावण्याचा अर्ज, भरू शकते. १ ऑक्टोबरच्या अर्हता तारखेला तिच्या अर्जाचा विचार होतो. ‘अजून अठरा झाली नाहीत, पुढच्या वर्षी ये’ असे सांगून अशा मुलींना परत पाठवणे ही शिबिरांमधली अजूनही चालू असलेली चूक आहे.

नोंदणीचे काम निवडणूक जाहीर होईपर्यंत लांबवले तर हाती किती वेळ उरतो, हे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिसले. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. नवे नाव आले की हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून उमेदवारीच्या शेवटच्या तारखेआधी साधारण दहा दिवसांपर्यंत आलेलेच अर्ज त्या निवडणुकीसाठी धरले जातात. तेव्हा ती मुदत १९ ऑक्टोबर होती, म्हणजे घोषणेनंतर चार दिवस. स्थानिक निवडणुकांत तर अंतर याहून मोठे पडते. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांसाठी मतदान झाले ते १ जुलै २०२५ च्या विधानसभा यादीवर. त्या ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुलाचे नाव पुढे यादीत आले असले, तरी नगरसेवक निवडताना त्याला मत नव्हते. म्हणून नोंदणीचा हंगाम जून ते ऑगस्ट, प्रवेशाच्या वेळचा असायला हवा. तेव्हा मुलाच्या हातात आधार, दहावीचे प्रमाणपत्र आणि फोटो असे सगळे एकाच फाइलमध्ये असते. जानेवारीत तीच कागदपत्रे गावाकडच्या कपाटात असतात.

आता अर्जाबद्दल, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होते. मुलाला पहिला प्रश्न ‘नाव कुठे आधीच लागले आहे का?’ हा विचारायला हवा. बारावीनंतर अनेकांची नावे आईवडील किंवा गावातले बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचे काम बघणारे कर्मचारी) परस्पर लावून घेतात. परभणीत नाव असलेला मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि शिबिरात त्याच्याकडून पुन्हा नमुना ६ भरून घेतला जातो. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात जाणाऱ्याने नमुना ६ भरायची पद्धत होती आणि ती सवय कर्मचाऱ्यांच्या हातून सुटलेली नाही. आता स्थलांतर, दुरुस्ती, हरवलेल्या ओळखपत्राच्या जागी नवे, हे सगळे नमुना ८ मध्ये होते. नमुना ६ फक्त ज्याचे नाव देशात कुठेच नाही त्याने भरायचा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० ची कलमे १७ आणि १८ एका माणसाला दोन नोंदी ठेवू देत नाहीत. खोटे निवेदन केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांचा मुलगा ‘माझे नाव दुसरीकडे कुठे नाही’ या वाक्याखाली न वाचता सही करतो आणि आपणच त्याला तिथे बसवलेले असते. दुबार नावांवरून राज्यात एवढा वाद झालेला असताना महाविद्यालयांनी त्यात भर घालू नये.

म्हणूनच प्रवेशासाठी मतदार नोंदणी सक्तीची करावी, हा अधूनमधून पुढे येणारा विचार आपण स्वीकारू नये अशी आमची विनंती आहे. सक्ती आली की पावती दाखवण्यासाठी अर्ज भरले जातील आणि गावी नाव असलेली मुले शहरात दुसरा अर्ज भरतील. नोंदणी हा हक्क आहे, तो प्रवेशाची अट बनू नये. प्रवेश अर्जात ‘तुमचे नाव मतदार यादीत आहे का? असल्यास कोणत्या विधानसभा मतदारसंघात?’ एवढे दोन ऐच्छिक प्रश्न घातले तरी कोणाला नमुना ६ द्यायचा, कोणाला ८ आणि कोणाला काहीच नको, हे पहिल्याच आठवड्यात समजेल.

वसतिगृहातल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर आम्हांला सविस्तर लिहायचे आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार वसतिगृहात किंवा इतरत्र राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा शिकतो त्या ठिकाणच्या पत्त्यावर, दोहोंपैकी कुठेही नाव लावता येते. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा लागतो. वसतिगृहाचा पत्ता निवडला तर अर्जासोबत विहित नमुन्यातले निवेदन जोडायचे असते आणि त्यावर प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांची साक्षांकित सही लागते. हे निवेदन का मोलाचे, तर वसतिगृहातल्या मुलाच्या नावावर वीजबिल नसते, नोंदणीकृत भाडेकरार नसतो आणि आधारवर गावचा पत्ता असतो.

प्रत्यक्षात काय होते? कार्यालय शिष्यवृत्तीसाठी किंवा एसटीच्या पाससाठी देतात तेच बोनाफाईड देते. त्यात वसतिगृहाचे नाव नसते, खोली क्रमांक नसतो, कधीपासून राहतो ते नसते. मग बीएलओ पडताळणीला येतात ते सकाळी अकरा-बाराला, जेव्हा सगळी मुले तासाला असतात. वॉचमन म्हणतो, ‘कोणी नाही.’ ‘दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि अर्ज फेटाळला जातो. दोष बीएलओंचा नाही. त्या बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि आपले रोजचे काम सांभाळून फिरत असतात. रेक्टरने अर्जदारांची खोली क्रमांकासह यादी करून ठेवावी, बीएलओंना फोन करून संध्याकाळची एक वेळ ठरवावी आणि त्या वेळी मुलांना तळमजल्यावर बोलवावे. एका संध्याकाळी पूर्ण वसतिगृहाची पडताळणी होते. यासाठी खर्च काही नाही, फक्त ही जबाबदारी रेक्टरची आहे असे लेखी आदेशात यायला हवे.

याची दुसरी बाजू शिक्षण संपल्यावर दिसते. मुले निघून जातात, नावे वसतिगृहाच्या पत्त्यावर वर्षानुवर्षे राहतात. त्या केंद्रावर मतदानाची टक्केवारी पडते आणि बोगस मतदानाचा संशयही तिथेच येतो. वसतिगृह सोडताना नो-ड्यूजच्या कागदाबरोबर नमुना ८ ची माहिती मुलाला द्यावी आणि सोडून गेलेल्यांची यादी दर जूनमध्ये मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना कळवावी. कोणता पत्ता निवडायचा हे मात्र मुलाने ठरवावे. आमचे मत असे की तीन-चार वर्षे शहरातच राहणाऱ्याने इथे नाव लावावे आणि दर सुट्टीला गावी जाणाऱ्याने गावचे ठेवावे. पण तो सल्ला आहे, आदेश नव्हे.

शिबिरातल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल थोडे. ऑनलाइन अर्जात नाव इंग्रजीत लिहिले की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटते आणि ते पुष्कळदा चुकते : ‘माने’चे ‘मने’ होते, ‘शिंदे’चे ‘शिंडे’. पुढे न जाता ते तिथेच हाताने दुरुस्त करावे लागते, नाहीतर ओळखपत्रावर तेच छापून येते. फोटो साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा, सेल्फी चालत नाही. वयाच्या पुराव्यासाठी जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख छापलेले दहावी-बारावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. जन्मतारीख नसलेली गुणपत्रिका जोडली की अर्ज अडकतो. एका अर्जाला नीट बसून दहा-पंधरा मिनिटे लागतात. चार स्वयंसेवक चार मोबाइल घेऊन बसले तर तासाला सोळा ते चोवीस अर्ज होतात. एका दुपारी दोनशे अर्ज झाल्याचे अहवालात दिसले तर त्यातले किती टिकले ते अवश्य तपासावे.

कागदी अर्ज गोळा करून गठ्ठा तहसीलमध्ये नेऊन देण्याची पद्धतही थांबायला हवी. गठ्ठ्याने आणलेले अर्ज स्वीकारायचे नाहीत असा आयोगाचा दंडक आहे. त्यात वेगवेगळ्या विधानसभा मतदारसंघांचे अर्ज एकत्र बांधलेले असतात आणि मग काही भलत्याच टेबलावर पडून राहतात. शिबिराला मतदार नोंदणी कार्यालयाचा माणूस प्रत्यक्ष हजर हवा. ऑनलाइन अर्जाचा संदर्भ क्रमांक मुलाकडे आणि महाविद्यालयाच्या वहीत, दोन्हीकडे हवा. तीन-चार आठवड्यांनी वही उघडून प्रत्येक क्रमांकाची स्थिती पाहावी. नाव फेटाळले गेले असेल तर त्या आदेशापासून पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हे मुलांना कोणी सांगत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाचे वर्षाला १२० तास असतात. त्यातले काही तास फेरीऐवजी या वहीला दिले, तर आम्ही म्हणतो तो ‘मंजूर किती’चा आकडा आपोआप तयार होईल.

शेवटचा विषय पूर्णपणे आपल्या अखत्यारीतला आहे. २०२४ च्या लोकसभेला राज्यात पाच टप्प्यांत मतदान झाले. नागपूर १९ एप्रिल, नांदेड-परभणी-हिंगोली २६ एप्रिल, लातूर ७ मे, पुणे-बीड-जालना १३ मे, मुंबई-ठाणे-नाशिक २० मे. सुट्टी मिळते ती महाविद्यालय जिथे आहे तिथल्या मतदानाची. पुण्यात शिकणाऱ्या नांदेडच्या मुलाला १३ मे मोकळा मिळाला, पण त्याला हवा होता २६ एप्रिल, तोही आदल्या रात्रीच्या आणि परतीच्या प्रवासासकट. हेच दिवस प्रात्यक्षिकांचे आणि लेखी परीक्षांचे असतात. टपाली मतदानाची सोय विद्यार्थ्यांना नाही. गावाबाहेरून मत देता येईल अशा दूरस्थ मतदान यंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावले होते, पण ते यंत्र वापरात आलेले नाही. म्हणजे गावी नाव असलेल्या मुलाला गावी जाण्यावाचून मार्ग नाही.

म्हणून निवडणुकीच्या वर्षी विद्यापीठांनी राज्यातल्या कोणत्याही टप्प्याच्या मतदानाच्या दिवशी, आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लेखी परीक्षा ठेवू नये. प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मागणाऱ्या मुलाला मतदार यादीतल्या नोंदीच्या आधारे ती बदलून मिळावी. त्या दिवसांची हजेरी ७५ टक्क्यांच्या हिशोबात त्याच्या विरोधात धरू नये. आणि मतदानाला निघण्याआधी प्रत्येकाला सांगितले जावे की महाविद्यालयाचे ओळखपत्र केंद्रावर चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक यांपैकी काहीतरी मूळ प्रत म्हणून सोबत हवे. दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊन केंद्राच्या दारातून परत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

प्रवेश अर्जातले दोन प्रश्न, रेक्टरची जबाबदारी, अहवालात ‘मंजूर किती’चा रकाना आणि परीक्षांचे तीन मोकळे दिवस, या चार गोष्टींचे परिपत्रक प्रवेश सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात निघावे. जुलैत निघाले तर प्रवेशाची पहिली फेरी होऊन गेलेली असेल आणि १ ऑक्टोबरची तारीख पुन्हा हुकेल. विद्यार्थी निवेदनाचा मसुदा, वहीचा नमुना आणि रेक्टरांसाठी एक पानाची सूचना आम्ही तयार ठेवली आहे. आपल्या विभागाने मागितली की लगेच पाठवू. या पत्राची प्रत मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र यांनाही देत आहोत.

आपले विश्वासू,
राष्ट्रीय सेवा योजना कार्यक्रम अधिकारी, वसतिगृह रेक्टर व प्राध्यापक