पहिली हवेची टाकी घेण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझी चिठ्ठी मिळाली. पेंटबॉल खेळायला मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या हवेच्या दाबाने मारणारी बंदूक, घेतलास, तोही एमेक, हे फार चांगलं केलंस. सेल नको, बोर्ड नको, उघडून पुसायला सोपा. आता त्याला लावायची हवेची टाकी कुठली घ्यावी असं विचारलं आहेस, तर सविस्तरच लिहितो. मार्करमध्ये चूक झाली तर खेळाचा एक दिवस वाया जातो. टाकीत मात्र हजारो पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब कोंडलेला असतो आणि खेळताना ती खांद्याला टेकलेली असते.

टाकी बघण्याआधी तू जिथे खेळणार आहेस त्या मैदानाला फोन लाव. एवढंच विचार: हवा ३००० पर्यंत भरून देता की ४५०० पर्यंत? आणि दुपारी तीन वाजताही तेवढीच मिळते का? सकाळी साठ्याच्या मोठ्या नळकांड्या भरलेल्या असतात. दिवसभर शंभर जण भरून गेले की त्यांचा दाब उतरतो, आणि कॉम्प्रेसर लहान असेल तर ४५०० ची पाटी असलेल्या ठिकाणीही दुपारी ३८०० च हातात पडतात. हे माहीत नसताना घेतलेली महागडी टाकी अर्धीच वापरली जाते.

दुकानात ४८/३०००, ५०/४५००, ६८/४५०० असे आकडे दिसतील. पहिला आकडा आतली जागा, घनइंचांत. दुसरा जास्तीत जास्त भरायचा दाब, पीएसआयमध्ये. ३००० च्या टाक्या ॲल्युमिनियमच्या, ४५०० च्या कार्बन फायबर गुंडाळलेल्या. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ३०० ने भागलं की साधारण किती गोळ्या सुटतील याचा ढोबळ अंदाज येतो. ४८/३००० म्हणजे सुमारे ४८०, ६८/४५०० म्हणजे सुमारे १०२०. मार्करप्रमाणे हे कमीजास्त होतं, पण तुलनेला पुरतं.

या हिशेबात एक गोष्ट सुटते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. टाकीतली सगळी हवा वापरता येत नाही. टाकीच्या तोंडावरचा रेग्युलेटर, म्हणजे आतला दाब उतरवून हवा बाहेर देणारा भाग, समजा ८०० पीएसआय बाहेर देतो. आतला दाब ८०० च्या खाली गेला की पुढे मार्करला पुरेसा दाब मिळत नाही, गोळ्या अलीकडेच पडायला लागतात. म्हणून खरी कामाची हवा काढताना आधी ८०० वजा कर. ४८/३००० मध्ये २२०० गुणिले ४८, म्हणजे १,०५,६००. ६८/४५०० मध्ये ३७०० गुणिले ६८, म्हणजे २,५१,६००. सव्वादोन पटीहून जास्त फरक. आणि मैदानावर फक्त ३००० च मिळत असेल तरी ६८ ची टाकी १,४९,६०० देते, म्हणजे ४८ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. तेव्हा ४५०० ची टाकी ३००० वर भरली तर फुकट गेली, असं नाही. उलटं मात्र कधीही चालत नाही, त्याकडे खाली येतो.

आता तुझ्या खेळाला लावून बघ. हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या गोळ्यांच्या डब्यात, २०० गोळ्या, कमरेच्या पट्ट्यावर जादा गोळ्यांचे १४० चे चार पॉड (डबे), सगळे मिळून ७६०. एवढं घेऊन लांबच्या खेळात उतरलास तर ४८/३००० पॉड संपायच्या आधी दम सोडेल. पण एमेकसारख्या मेकॅनिकल मार्करने एका फेरीत दोनअडीचशे गोळ्या मारणारा असशील आणि हवा भरायची जागा शंभर पावलांवर असेल, तर ४८ वरही मजेत दिवस निघतो, आणि ती ६८ च्या जवळपास एकतृतीयांश किमतीत येते. वजनाचा मुद्दा उलटा आहे: लहान ॲल्युमिनियम टाकी मोठ्या कार्बन टाकीपेक्षा हलकी असेलच असं नाही, बरेचदा जडच भरते. दिवस संपताना हे मनगटाला कळतं.

किमतीपेक्षाही मी ज्यावर अडून बसेन ते म्हणजे आउटपुट दाब. तोच टाकी टाकीत वेगळा असतो आणि खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. ढोबळ तीन प्रकार: साधारण ४५० चा लो, ८०० ते ८५० चा नेहमीचा, आणि ११०० च्या आसपासचा सुपर हाय. एमेकच्या स्वतःच्या रेग्युलेटरला ४५० आणि ८०० दोन्ही चालतात, ११०० च्या वाटेला जाऊ नकोस. पण तू लिहिलं आहेस की ऑफिसातला एक जण त्याची जुनी टिपमन ९८ ही मार्कर द्यायला तयार आहे आणि ती पाहुण्यांसाठी ठेवायचा विचार आहे. तिला वेगळा रेग्युलेटर नसतो. ती मुळात कार्बन डायऑक्साइडवर चालायला बनलेली, आणि त्या वायूचा दाब खोलीच्या तापमानाला ८५० च्या जवळ असतो. तिला ४५० ची टाकी लावलीस तर बोल्ट पुरता मागे जाणार नाही, मार्कर कॉक (पुढच्या गोळीला सज्ज) होणार नाही, आणि तू मार्कर बिघडला समजून खोलत बसशील. म्हणून तुझ्यासाठी उत्तर सरळ आहे: ८०० किंवा ८५० आउटपुट. दोन्ही मार्करना तीच एक टाकी चालेल. निंजासारख्या काही रेग्युलेटरमध्ये आतल्या चकत्या बदलून आउटपुट कमीजास्त करता येतो, पण ते काम पहिल्या वर्षी दुकानदाराकडूनच करून घे.

सेकंडहँड टाक्या स्वस्त मिळतात आणि मोह होतो. घ्यायला हरकत नाही, पण आधी तारीख वाच. ॲल्युमिनियमच्या टाकीवर ती खांद्याजवळ ठोकलेली असते, कार्बनच्या टाकीवर राळेखालच्या लेबलवर छापलेली. महिना आणि वर्ष, उदाहरणार्थ ०६ आणि २१ म्हणजे जून २०२१. अमेरिकेत या टाक्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी साधारणपणे दर ५ वर्षांनी लागते, काही जुन्या कार्बन टाक्यांना दर ३ वर्षांनी. कुठली मुदत लागू ते लेबलवरूनच कळतं. चाचणीत टाकी तिच्या दाबाच्या ५/३ पट नेतात, ३००० ची ५००० पर्यंत आणि ४५०० ची ७५०० पर्यंत, आणि ती किती फुगते, परत मूळ मापावर येते का ते मोजतात. मुदत उलटली की नेटकं मैदान हवा भरून देत नाही, आणि ते बरोबरच आहे. कार्बनच्या टाकीचं आयुष्यच बनल्यापासून १५ वर्षं धरलेलं असतं. त्यानंतर ती कितीही चकचकीत दिसली तरी मोडीत. म्हणजे १२ वर्षांची टाकी अर्ध्या किमतीत घेतलीस, वर चाचणीचे पैसे आणि टपालखर्च दिलास, तर हातात उरली ३ वर्षं. तेवढ्यात नवीच घेतलेली बरी.

तारीख चांगली असली तरी टाकी उन्हात धरून हळूहळू फिरव. वरच्या पारदर्शक राळेवरचे केसासारखे ओरखडे चालतात. नख अडकेल असा कापलेला चर, सुटून वर आलेले काळे धागे, आपटल्यासारखा पांढुरका मऊ डाग, यांतलं एक जरी दिसलं तरी खाली ठेव. ॲल्युमिनियमची टाकी कोणी हौसेने पावडर कोटिंग करून दिली असेल तर अजिबात घेऊ नकोस. ते भट्टीत भाजतात, आणि त्या उष्णतेने धातूची ताकद जाते. बाहेरून काही कळत नाही.

रेग्युलेटरवर दोन छोट्या पितळी बोल्टसारख्या गोष्टी दिसतील. त्या बर्स्ट डिस्क. एक भरलेल्या बाजूची: ३००० च्या टाकीला ५००० ची, ४५०० च्या टाकीला ७५०० ची. दुसरी आउटपुटच्या बाजूची, बहुधा १८०० ची. दाब हाताबाहेर गेला की त्यांतली पातळ चकती फाटते आणि हवा कानठळ्या बसवत निघून जाते. टाकी मात्र वाचते. मगाशी उलटं चालत नाही म्हणालो ते यासाठी: ३००० आणि ४५०० दोन्ही टाक्यांचं भरायचं निपल सारखंच असतं, नळी दोन्हींना बसते. ३००० ची टाकी ४५०० वर भरली तर ५००० ची चकती फाटेल किंवा फाटणारही नाही, तिच्या भरवशावर राहता येत नाही. भरणाऱ्या मुलाला दर वेळी तोंडाने सांग, ‘तीन हजारची आहे.’ आणि ३००० चा रेग्युलेटर कधीही ४५०० च्या टाकीच्या बाटलीवर चढवू नकोस.

स्वतः भरायची वेळ आली तर गॉगल डोळ्यांवरच ठेव. निपल आधी कोरड्या फडक्याने पूस. मातीचा एक कण आत गेला की आतली झडप पूर्ण मिटत नाही आणि टाकी रात्रभर सुस्कारे टाकत रिकामी होते. नळीची कडी मागे ओढ, निपलवर दाब, सोड, हलकेच ओढून बसल्याची खात्री कर. झडप अगदी थोडी उघड आणि गेजचा काटा हळूहळू चढू दे. घाई केली की हवा दाबली जाऊन टाकी तापते. टाकी ५० अंशांवर असताना ४५०० दाखवणारा काटा ती २१ अंशांवर निवली की ४१०० च्या आसपास येतो, आणि टाकी गळते असं वाटतं. गळत नसते, घाईत भरलेली असते. भरून झालं की झडप बंद, मग नळीतली हवा बारक्या नॉबने सोड, मगच कडी काढ. हवा न सोडता कडी निघत नाही. अशा वेळी पक्कड लावून ओढू नकोस, नॉब शोध.

टाकीला, निपलला, आउटपुटच्या आट्यांना तेल किंवा घरातलं ग्रीस कधीच लावायचं नाही. एवढ्या दाबाची हवा अचानक दाबली गेली की तापते आणि तेल पेट घेऊ शकतं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरायचा विचारही सोड. तो शेदीडशे पीएसआयच्या पुढे जात नाही. डायव्हिंगच्या दुकानात बरेचदा भरून देतात, तिथे श्वासाची कोरडी, स्वच्छ हवा असते.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी छोटी वस्तू. टाकी जिथे मार्करला बसते तिथे टोकावर एक ओ-रिंग असते, माप ०१५. मार्करमध्ये हवा अडकलेली असतानाच टाकी फिरवून काढलीस तर ती हवा बाहेर पडताना या रिंगला खाचेतून उपटून काढते. फुस्स असा मोठा आवाज, आणि रिंग आट्यांमध्ये चिरडलेली सापडते. म्हणून काढण्याआधी मार्करच्या बॅरलवर (गोळी सुटते त्या नळीवर) कव्हर असल्याची खात्री करून मार्करमधली हवा सोड. एमेकवर त्यासाठी पॉप्स नावाची सोय आहे, तिची पद्धत पुस्तिकेत चित्रांसह दिली आहे. बदली रिंगा साध्या काळ्या रबराच्या घेऊ नकोस, पॉलियुरेथेनच्या घे, दहाचं पाकीट. त्या चिवट असतात. दोन कायम खिशात असू दे.

टाकी आवळताना आणि काढताना बाटली आणि रेग्युलेटर एकत्र फिरतात का, याकडे बघत राहा. त्यांच्या सांध्यावर नेलपॉलिशने एक सरळ रेघ मार, अर्धी बाटलीवर, अर्धी रेग्युलेटरवर. रेघ तुटलेली दिसली म्हणजे रेग्युलेटर बाटलीतून सुटतोय. तिथल्या तिथे थांब, टाकी कोणाच्या अंगावर रोखू नकोस आणि मैदानावरच्या जाणत्या माणसाला बोलव. भरलेल्या बाटलीवरून सुटलेला रेग्युलेटर जीव घेऊ शकतो. हे वाक्य दोनदा वाच.

गळतीचा संशय आला तर साबणाचं पाणी ब्रशने लाव. निपलवर बुडबुडे आले तर आत कचरा. गेजच्या मुळाशी आले तर सांधा. रेग्युलेटरच्या टोपीवरच्या बारीक भोकातून आले तर आतली सील झिजली, ते दुकानाचं काम. आणि थोडा वेळ थांबल्यावर पहिली गोळी क्रोनोवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, नेहमीपेक्षा बरीच वेगात गेली, तर कुठला तरी रेग्युलेटर दाब धरून ठेवत नाही, तो हळूहळू वर सरकतोय. मैदानांची मर्यादा २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते. त्या पहिल्या गोळीने कोणालाही दुखापत होऊ शकते, तेव्हा ते अंगावर काढू नकोस.

ऑस्टिनच्या उन्हाळ्यात भरलेली टाकी गाडीत ठेवू नकोस. बंद गाडी ६५ अंशांवर गेली तर ४५०० चे ५१७० च्या घरात होतात. चकती फाटणार नाही, पण टाकी उगाच ताणली जाते. घरी ठेवताना पूर्ण रिकामीही नको. तीनचारशे पीएसआय राहू दे, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही.

दिवाळीला नागपूरला येताना ती बरोबर आणायचं डोक्यातून काढ. इथल्या विमानतळावर रेग्युलेटर पूर्ण काढलेला, आतून दिसणारी उघडी बाटलीच चालते. आणि आपल्याकडे ५०० मिलिलिटरच्या वरच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात, आयातीला परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसो या सरकारी स्फोटक सुरक्षा संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. ६८ घनइंच म्हणजे १.१ लिटर, ४८ म्हणजे ७८७ मिलिलिटर, दोन्ही त्यात बसतात.

तर माझं मत: मैदान ४५०० देत असेल तर नवी ६८/४५००, आउटपुट ८०० किंवा ८५०, एक रबरी कव्हर आणि रिंगांचं पाकीट. मार्कर खांद्याला लावून हात आखडतो असं वाटलं तर ५०/४५००. फक्त ३००० मिळत असेल आणि महिन्यातून एकदाच खेळणार असशील तर ४८/३०००. पैसे देण्याआधी लेबलचा आणि आउटपुटच्या आकड्याचा फोटो पाठव, मी त्याच दिवशी बघून कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास