माथेरानचा भार कोण मोजणार?

जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख (ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस) ठरल्याबद्दलचा आपला अग्रलेख वाचला. प्रामुख्याने लोकसंख्या पाहून निधी देण्याची पद्धत माथेरानसारख्या नगरपरिषदेवर अन्याय करते. २०११च्या जनगणनेत इथले रहिवासी अवघे ४,३९३. पण सुट्ट्यांत पर्यटकांची रीघ लागते आणि त्यांचे पाणी, कचरा, स्वच्छतागृहे याच छोट्या नगरपरिषदेच्या गळ्यात पडतात. त्यात सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर मोटारींना बंदी, आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे जिथे मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यापुढे गॅसच्या टाक्या, भाजीच्या गोण्या घोड्यांच्या पाठीवर चढतात. प्रत्येक कामाचा खर्च वाढतो. निधी ठरवताना पर्यटकांची संख्या आणि भूगोल दोन्ही धरावेत. नाक्यावर प्रवेशकर घेतला जातो, तेव्हा येणाऱ्यांची नोंद मिळणे मुळीच अवघड नाही.

– एक वाचक, नेरळ