अखाजीच्या आधी फोनमध्ये काय ठेवायचे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले की, शेजारच्या मुलाने फोनमध्ये दुकानाची सहा ॲप्स घालून दिली आहेत आणि आता साधी उधारी कुठे टिपायची हेच कळेनासे झाले आहे. अखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया जवळ येत आहे, माहेरी येणाऱ्या लेकीबाळींसाठी पापड, बिबड्या आणि कुरडयांची मागणी वाढेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते आपल्या घरगुती उद्योगाला तीनच ॲप्स पुरेत : एक उधारीसाठी, एक मागणीसाठी आणि एक पैशांसाठी. बाकीची काढून टाका.

उधारीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तीन वर्षांपूर्वी कुरडयांचा चीक शिजवताना आईचा फोन पातेल्यात पडला आणि त्या वेळच्या ॲपमधील अडीच महिन्यांच्या नोंदी फोनबरोबरच गेल्या, हे मी विसरलेले नाही. बाबांची लाल वही होती म्हणून येणे वसूल झाले. त्यामुळे कोणतेही ॲप घेताना माझा पहिला प्रश्न असतो की, नोंदींची प्रत फोनबाहेर आपोआप राहते का आणि हवी तेव्हा आपल्याला ती पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये काढून घेता येते का. ज्यातून आपलाच हिशेब बाहेर काढता येत नाही, ते कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नये. ते मराठीत चालते का आणि फुकटची मुदत संपल्यावर किती पैसे मागते, हेही आधीच पाहावे. हिशेबाचे ॲप फोटो आणि तुम्ही कुठे आहात याची माहिती मागू लागले, तर परवानगी नाकारावी.

आपल्याला खाताबुकसारखे साधे उधारीचे ॲप पुरेल. ‘व्यापार’ नावाच्या ॲपमध्ये बिले, साठा, जीएसटी असे सगळे आहे, पण आपल्याला आज त्याची गरज नाही. केवळ वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही आणि आपली विक्री त्याच्या जवळपासही जात नाही. मात्र सुरतेहून कोणी मोठी मागणी दिली, तर पार्सल पाठवण्याआधी करसल्लागारांना विचारा, कारण राज्याबाहेरच्या विक्रीचे नियम वेगळे आहेत.

मागणीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे आणि आईच्या रोजच्या व्हॉट्सॲपशेजारी त्याच फोनवर चालते, फक्त त्याला वेगळा नंबर लागतो. त्यासाठी नवे सिम घेऊ नका. आपल्या पाकिटांवर वर्षानुवर्षे छापलेला दुकानाचा लँडलाइन नंबरच तिथे देता येतो. पडताळणीचा आकडा लँडलाइनवर फोन येऊन सांगितला जातो, तेवढा त्या वेळी दुकानात बसून टिपून घ्या. आई, गिऱ्हाइकांचे अहिराणीतले लांबलचक बोललेले निरोप तू ऐकतेस आणि संध्याकाळपर्यंत कोणाचे दोन किलो नि कोणाचे पाच, याचा घोळ होतो. या ॲपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘नवी मागणी’, ‘पैसे बाकी’, ‘माल दिला’ अशा रंगीत खुणा लावता येतात. उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या कुरडया यांचे फोटो भावासकट एकदा लावून ठेवले की, तेच दर दिवसातून वीस वेळा सांगावे लागणार नाहीत. फोटो मात्र गच्चीवर खाटेवर वाळत घातलेल्या मालाचे, सकाळच्या उन्हात काढ.

पैशांच्या बाबतीत मला खरी काळजी आहे. गेल्या अखाजीला एका अनोळखी माणसाने पैसे भरल्याचा फोटो दाखवून चार किलो पापड नेले आणि रक्कम कधीच जमा झाली नाही. दुसऱ्याच्या फोनवरील चित्र म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झाल्याचे आपल्या फोनवर दिसल्याशिवाय, किंवा पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा आवाजाचा डबा बोलल्याशिवाय, पिशवी हातात देऊ नका. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, त्यामुळे पैसे पाठवतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, तर तो फसवणारा आहे असे समजा. तरीही काही घडलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करा.

बाबा, लाल वही बंद करा असे मी म्हणणार नाही. दोन महिने वही आणि ॲप दोन्हीकडे लिहा आणि दर रविवारी बेरीज ताडून पाहा. मी अखाजीच्या दहा दिवस आधी अमळनेरला पोहोचेन. थकबाकीची पाने तेवढी खूण घालून ठेवा, आपण दोघे बसून ती एकेक करून फोनमध्ये चढवू.

तुमची लेक