भुसावळच्या काकांना, हॉट ॲक्सलच्या धड्याबद्दल

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की "घरच्यांचे कसले आभार" म्हणत तुम्ही फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडी घसरली. आमचं घर पेनसिल्व्हेनियात, पण राज्याची हद्द त्या गावाला चिकटूनच आहे. ३८ डबे रुळांवरून उतरले, त्यांत ११ टँकर घातक रसायनांचे. तीन दिवसांनी, स्फोट होईल या भीतीने, व्हिनाइल क्लोराइड या रसायनाचे पाच टँकर फोडून आतला माल मुद्दाम पेटवून दिला. तो काळा ढग टीव्हीवर पाहून जो तो फोन करत होता, "खिडक्या लावल्यात ना?" तुम्ही एकट्यानेच वेगळं विचारलंत, "हॉट ॲक्सल होता का गं?"

चाकाच्या आसाचं बेअरिंग तापतं त्याला हॉट ॲक्सल म्हणतात, पण तेव्हा मला शब्दच ठाऊक नव्हता. मग तुम्ही व्हिडिओ कॉलवर गॅसवरून नुकतंच उतरवलेलं चहाचं पातेलं पुढे ओढलंत आणि त्याच्याजवळ हात नेलात. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. "सी अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डबे तपासणाऱ्या खात्यात, हेच केलं जन्मभर. गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंनी उभं राहायचं, चाकांचा आवाज ऐकायचा, थांबली की एकेका ॲक्सल बॉक्सजवळ हात न्यायचा. आता पोरांकडे थर्मामीटरच्या बंदुका आहेत." मागून काकू ओरडल्या, चहा गार होतोय. तुम्ही म्हणालात, तेच तर बघतोय.

तीन आठवड्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा प्राथमिक अहवाल आला आणि तुमचा अंदाज तंतोतंत निघाला. १४९ डब्यांची गाडी, त्यातली २३ वी वाघीण, आत प्लास्टिकचे दाणे, आणि तिचं बेअरिंग तापलेलं. रुळाशेजारच्या तापमान मोजणाऱ्या यंत्राने वाटेतल्या सेब्रिंगला हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त नोंदवलं, सेलमला १०३. तिसरं यंत्र थेट ईस्ट पॅलेस्टाइनला, सुमारे ३१ किलोमीटर पुढे. तिथे २५३. अलार्म वाजला, ड्रायव्हरने ब्रेक लावले, पण तोवर उशीर झाला होता. सेलममधल्या एका कॅमेऱ्यात तर डब्याखाली आग दिसते. १०३ ला अलार्म का नाही वाजला? कारण गाडी थांबवायची मर्यादा १७० होती, आणि ती कंपनीने स्वतःच ठरवलेली. अशी यंत्रं किती अंतरावर असावीत, किती अंशांना गाडी थांबवावी, याचा केंद्र सरकारचा नियमच नव्हता.

हे वाचून माझं डोकं फिरलं. १ मार्चला ओहायोचे दोन सिनेटर, डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन आणि रिपब्लिकन जे. डी. व्हॅन्स, यांनी मिळून रेल्वे सुरक्षा विधेयक मांडलं, तेव्हा मीही आमच्या सिनेटरला पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा तुम्हाला वाचून दाखवला. नफेखोरी, निष्काळजीपणा, माणुसकीला काळिमा, सगळं होतं त्यात. तुम्ही म्हणालात, "हे भाषण झालं. साहेबाला असं लिहिशील तर तो फाइलला लावेल. किती अंशांना गाडी थांबवणार, ते विचार."

तीन रविवार तुम्ही माझं पत्र खोडत होतात. शेवटी उरल्या चार गोष्टी: तापमान मोजणाऱ्या यंत्रांना सरकारी नियम, इंजिनात किमान दोन माणसं, डबा सेकंदांत तपासून मोकळं होण्याची सक्ती बंद, आणि घातक माल जाणार असेल तर वाटेतल्या राज्यांना आधी खबर. चारही त्या विधेयकात कुठे ना कुठे होत्याच, पण कलमं वाचून मला त्या कळल्या नसत्या. दुसरा माणूस कशाला, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसतं म्हणालात, "रात्री दोन वाजता वाघिणींच्या बाजूने कंदील घेऊन कोण चालत जाणार? ड्रायव्हर इंजिन सोडून?"

मधेच २ जून उजाडला. बालासोरजवळच्या रेल्वे अपघातात २९० च्या वर माणसं गेली. त्या आठवड्यात तुम्ही फोन घेतला नाहीत, आणि नंतर "आपल्याकडे असं करतात" हे वाक्य तुमच्या तोंडून फारसं ऐकलं नाही. त्यावर आपण कधी बोललो नाही. इथेही नको.

विधेयकाचं म्हणाल तर मे २०२३ मध्ये समितीत १६ विरुद्ध ११ मतांनी ते पुढे सरकलं आणि तिथेच अडकलं. अख्ख्या सिनेटसमोर मताला आलंच नाही. ब्राउन पुढची निवडणूक हरले, व्हॅन्स उपराष्ट्रपती झाले, त्या काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, मुदत संपली तशी कागदाचीही. दोन माणसांचा नियम तेवढा रेल्वे प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये वेगळा काढला. जूनमध्ये सुरक्षा मंडळाने ईस्ट पॅलेस्टाइनलाच बैठक घेऊन अंतिम निष्कर्ष सांगितले, की ते टँकर पेटवायची गरजच नव्हती. मी ते तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "पेटवायचं ठरवणाऱ्यांना नीट कुणी सांगितलंच नसेल." तेही खरं निघालं. माल बनवणाऱ्यांचं मत त्यांच्यापर्यंत धड पोचलंच नव्हतं.

सिनेटरच्या कार्यालयातून मला छापील उत्तर आलं, खाली शाईची सही. तुम्ही त्याचा फोटो मागवलात आणि सही खरी की शिक्का, यावर अर्धा तास घातलात. काकूंच्या मते शिक्का.

नवीन पत्र लिहायला घेतलंय. १०३ अंशांचा परिच्छेद वर आणलाय, विशेषणं दोनच ठेवलीत. रविवारी सकाळी, तुमच्याकडे साडेसात वाजता वाचून दाखवते. चहा जवळ ठेवा.

तुमची,
पुतणी