मुठीच्या ज्वारीबद्दल, मावशींना

आदरणीय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

सोलापुरात पावसानं ओढ दिली की रब्बीची पेरणी लांबते, ज्वारीचा भाव चढतो. त्यात कारखान्यातून पान कमी मिळालं, तर बीडी वळणाऱ्या बायकांचा आठवड्याचा पगारही तुटतो. अशा वेळी ‘देव पुरवतो’ असं सगळेच म्हणतात. पण सकाळी उठून करायचं काय, ते तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल मंडळीतल्या आम्हा बहिणींकडून हे उघड पत्र.

बायबलमधला सारफथच्या विधवेचा उतारा (१ राजे १७) आपल्याकडे नेहमीचाच. तुम्ही त्यातला क्रम दाखवलात. दुष्काळात करीथ ओहोळ आटल्यावर देवानं एलीया संदेष्ट्याला कुणा धनवानाकडे धाडलं नाही. सीदोनच्या मुलखात, शेवटचं मूठभर पीठ उरलेल्या बाईकडे धाडलं. मागणं काय, तर आधी एक लहानशी भाकर मला, मग तुला आणि मुलाला. आणि पिठाचं मडकं काठोकाठ भरलं असं त्या अध्यायात कुठंच नाही. ते सरलं नाही, एवढंच. ‘एक द्या, दहा घ्या’ म्हणून सांगत फिरणाऱ्यांनी तो एकदा नीट वाचावा.

मुठीचा डबा तुम्ही याच क्रमावर बसवलात. रोज दळणासाठी ज्वारी काढताना पहिली मूठ बाजूला, अडल्या घरासाठी. उरली तर नव्हे, आधी. एक मूठ साधारण पन्नास ग्रॅम, महिन्याला दीड किलो. वीस घरं धरली तर तीस किलो, आणि किलोच्या दहा भाकऱ्या धरल्या तर तीनशे भाकऱ्या.

पीठ घ्यायचं नाही, हा तुमचा नियम पहिल्यांदा जाचक वाटतो. पण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, कडवट लागतं, भाकरी थापताना कडेनं चिरते. दाणा मात्र टिकतो, नीट ठेवला तर. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. ऊन दिलेली ज्वारी गरम असताना झाकण लावलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते; म्हणून रात्रभर गार होऊ द्यायची. डब्यात घालायचा कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवलेलाच, ओला नको. डबा फरशीवर न ठेवता फळीवर. जुन्या ज्वारीवर नवी ओतली तर जुन्यातले सोंडे नवीत जातात, म्हणून महिनाअखेर डबा रिकामा करून पुसायचा. रानात इस्राएल लोकांना देवानं रोजच्या रोज दिलेलं अन्न, मन्ना, सकाळपर्यंत राखून ठेवला त्यात किडे पडले, सहाव्या दिवशी सांगितल्याप्रमाणे राखला तो टिकला (निर्गम १६), हे तुम्ही डबा पुसता पुसताच समजावता.

औषधाचे, फीचे किंवा उसने आणलेले पैसे देवाच्या नावानं घ्यायला तुम्ही साफ नकार देता. यावर काहींची नाराजी असते, असू द्या. आणि ज्या घरी धान्य जातं, त्या घरचीही एक मूठ परत डब्यात घेता. घेणारीला देणारी करणारा हा नियम सगळ्यात मोलाचा. सारफथची बाई दोन्ही होती.

फाल्गुनात मंगळवेढ्याकडची नवी मालदांडी ज्वारी बाजारात येईल. त्याआधी घट्ट झाकणाचे दोन पत्र्याचे डबे आणून ठेवतो, एक आलेल्या ज्वारीचा, एक वाटपाचा. वजनकाटा मात्र तुमचाच लागेल.

आपल्या,
मंडळीतल्या बहिणी, सोलापूर