पाचशे फुटांची करमाफी: आधी हिशेब दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महापालिका निवडणूक आली की महापौरपदाच्या इच्छुकांकडून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळकतकर माफ करण्याचे आश्वासन मिळते. लहान घरातल्या कुटुंबाला दिलासा मिळावा, यात वाद नाही. पण ही माफी देण्याचा अधिकार कोणाचा आणि तिचा खड्डा कशातून भरणार, हे पुण्यातल्या उमेदवारांनी मतदानाआधी सांगायला हवे.

आपल्याकडे महापौर थेट लोकांतून निवडला जात नाही. नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात आणि कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात. कराच्या दरांचा प्रस्ताव आधी स्थायी समितीपुढे येतो. मग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत मुख्य सभेने (सर्व नगरसेवकांच्या सभेने) पुढच्या वर्षाचे दर ठरवायचे असतात. दर ठरवणे मुख्य सभेच्या हातात आहे, ठरावीक क्षेत्रफळाच्या घरांचा सगळा कर माफ करणे नाही. मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या (४६.४५ चौ.मी.) घरांना पूर्ण माफी मिळाली ती राज्य सरकारच्या निर्णयाने. त्याआधी २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता. घोषणा ‘करमाफी’ची झाली होती, पण बाकीच्या करांची बिले येतच राहिली आणि लोक गोंधळले.

गोंधळाचे कारण बिलातच असते. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलात सर्वसाधारण कराखेरीज सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह लाभ, रस्ता, पाणीपट्टी अशा ओळी असतात. शिवाय राज्याचा शिक्षण कर असतो, आणि बिगरनिवासी मिळकतींना रोजगार हमी कर. राज्याचे कर महापालिका फक्त गोळा करते. तेव्हा उमेदवाराने ‘माफी’ म्हणताना यातल्या कोणत्या ओळी पुसणार, तेही सांगावे.

पुण्यात स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत १९७० च्या ठरावापासून आहे. कर घराच्या अपेक्षित भाड्यावरून ठरतो; उदाहरणादाखल भाड्याचा दर चौ.मी.ला महिना २० रुपये धरू. ४६.४५ चौ.मी.चे वार्षिक भाडे ११,१४८ रुपये होते. सवलतीनंतर ते ६,६८९ वर येते, त्यातून देखभालीचे १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य ६,०२० रुपये. सवलत नसेल तर हाच आकडा १०,०३३ होतो. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर ही सवलत काढली गेली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा दिली. पण ज्यांची सवलत गेली होती किंवा ज्यांची आकारणी १ एप्रिल २०१९ नंतर झाली, त्यांना पीटी-३ (सवलत मागण्याचा) अर्ज, सोसायटीचे पत्र आणि वास्तव्याचा पुरावा द्यावा लागला. ज्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचली नाही, ते जास्तीचा कर भरत राहिले. लहान घरांना मदत करायची तर आधी ही माणसे शोधा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आता महापालिकेच्या उत्पन्नाची बाजू. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. त्यांच्या बदल्यात १ जुलै २०१७ पासून राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते, पण तिच्यावर महापालिकेचे नियंत्रण नाही. बांधकाम परवानगीतून येणारे विकास शुल्क आणि प्रीमियम बांधकाम बाजारासोबत वरखाली होतात, आणि एका इमारतीचे एकदाच मिळतात. त्या पैशांतून पगार आणि विजेची बिले भागवणे धोक्याचे. म्हणजे स्वतःचे, दरवर्षी येणारे मोठे उत्पन्न एकच उरते, ते मिळकतकराचे. समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून २०१७ मध्ये ७.५९ टक्क्यांनी काढलेले २०० कोटींचे दहा वर्षांचे कर्जरोखेही याच उत्पन्नाच्या भरवशावर होते. पंधराव्या वित्त आयोगाने तर २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानासाठी मिळकतकराची वसुली वाढत राहण्याची अट घातली होती.

खरी गळती आकारणीत आणि वसुलीत आहे. एकाच मिळकतीची दुबार आकारणी होते, घर विकल्यावर नाव बदलत नाही, राहत्या सदनिकेत क्लिनिक किंवा क्लास चालतो आणि नोंद निवासीच राहते. मोबाइल टॉवरची थकबाकी न्यायालयात अडकते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, त्यामुळे कागदावरचा आकडा फुगतो आणि मग शास्तीत सूट देणारी अभय योजना येते. वेळेत भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट, आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्याला शास्तीत त्याहून कितीतरी मोठी! पुढच्या अभय योजनेची वाट पाहणे फायद्याचे ठरत असेल, तर लोक वाट पाहणारच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली. तिथे रस्ते, सांडपाणी, पाणी यांचा खर्च सुरू झाला, कराचा प्रश्न मात्र राजकीय कारणांनी लोंबकळत राहिला.

अंदाजपत्रकाचेही तेच. आयुक्तांच्या आकड्यांत स्थायी समिती काही शे कोटींची भर घालते, जमा तेवढी होत नाही, आणि वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाने पैसे एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात. ‘स’ यादीतली (नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली) किरकोळ कामे होतात, मलवाहिन्यांची मोठी कामे मागे पडतात.

महापौर मुख्य सभेचा अध्यक्ष असतो. कार्यपत्रिकेवर विषय आणण्याचे वजन त्याच्याकडे असते. तेव्हा उमेदवाराने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: कराची मागणी, वसुली आणि शिल्लक यांचा तक्ता, त्यात मूळ कर, शास्ती, दुबार आकारणी आणि न्यायालयीन वाद वेगळे दाखवून, दर तीन महिन्यांनी सभेपुढे ठेवणार का; आपल्या कार्यकाळात अभय योजनेला विरोध करणार का; आणि करमाफी हवीच असेल, तर त्या रकमेची भरपाई राज्याकडून दरवर्षी मिळेल असा शब्द आधी आणणार का. हे तिसरे उत्तर २० फेब्रुवारीच्या सभेआधी मिळायला हवे.

– एक मिळकतकरदाता, पुणे