खांदमळणीचं आवतण: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैल धुवायचे, खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्यांना म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' यंदा हे आवतण तुम्हालाही आहे. त्या संध्याकाळी नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे सगळे ज्याला गोल्फ क्लब म्हणतात तिथे, निफाड, सिन्नर आणि इगतपुरीकडचे आम्ही काही शेतकरी जनावरांचे हाल थांबावेत म्हणून बसणार आहोत.

बैल आणणार नाही. पहिल्या बैठकीत जवळजवळ सगळ्यांना जोड्यांचा मोर्चा हवा होता. फोटो झकास आला असता. पण गाडीत कोंबून, द्वारका चौकातल्या हॉर्नच्या कल्लोळातून बैल आणायचे आणि मैदानात पोचून छळाबद्दल भाषण करायचं, हे कुणालाच पटेना. म्हणून मैदानात रिकामी दावण असेल. मेखा, दावी, वेसणी, घुंगुरमाळा, आणि मधे एक लाकडी जू. ज्याला वाटेल त्यानं पाच मिनिटं त्याखाली खांदा द्यायचा. घोषणा नाहीत.

हे का सुचलं ते सांगतो. मागच्या वर्षी एका आठवडे बाजारात (नाव घेत नाही, बहुतेक बाजार सारखेच) बैल बघायला गेलो होतो. जनावरं उतरवायला धक्का नव्हता. ड्रायव्हरनं पिकअपचा फाळका पाडला, एकानं आत चढून शेपटी पिरगाळली. तांबड्या बैलानं उडी मारली आणि तो पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर खडीत आपटला. उठला तेव्हा डाव्या गुडघ्याची साल लोंबत होती, माशा लगेच बसल्या. डॉक्टर कुठे विचारलं, तर लोक हसले. पुढचं लिहायला लाज वाटते: तो बैल मीच घेतला, आणि गुडघा फुटलाय म्हणून भाव पाडून घेतला. घरी आणला तोही पिकअपमध्येच, आणखी दोन जनावरांच्या मधे उभा करून.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाय-बैल-म्हशीला प्रत्येकी 2 चौरस मीटर जागा लागते. आमच्याकडच्या पिकअपचा हौदा साधारण साडेचार चौरस मीटर. म्हणजे तिसरं जनावर चढवलं तिथेच मी नियम मोडला. आणि जनावरांच्या छळाला दंड किती? 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत नाशकात आज धड मिसळही मिळत नाही.

हे दिल्लीचं काम, असं कृपया म्हणू नका. प्राण्यांच्या छळाचा विषय समवर्ती सूचीत आहे. 2017 मध्ये आपल्याच विधिमंडळानं बैलगाडा शर्यतींसाठी हाच कायदा राज्यापुरता दुरुस्त केला आणि 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. त्यात शर्यतीच्या अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड आहे. शर्यतीतल्या बैलाला दुखलं तर पाच लाख, औताच्या बैलाला दुखलं तर पन्नास रुपये. हा हिशेब गावात कुणालाच समजावून सांगता येत नाही.

दुसरा नियम 1965 चा आहे. पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही, आणि एरवीही दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही. मालेगावकडे उन्हाळ्यात चाळिशी ओलांडते. हा नियम आमच्या बैठकीत एकालाही माहीत नव्हता. कोंबड्या पाय बांधून, उलट्या लटकवून मोटारसायकलवरून जातात, त्यावर लिहायला घेतलं तर वेगळं पत्र लागेल.

आमच्यातलेच काही म्हणतात, आधी कांद्याला भाव मागा, बैलांचं नंतर. राग समजतो. 2018 च्या मार्चमध्ये इथूनच शेतकरी पायी मुंबईला गेले, त्यांच्या पायांचे फोड सगळ्यांनी पाहिले. पण धक्का बांधायला कांद्याचा भाव आड येत नाही. बाजारात आलेल्या जनावरांवर फी घेतली जाते. त्यातूनच मातीचा एक उतरता धक्का, पाण्याचा हाळ, पत्र्याची सावली आणि बाजार उठेपर्यंत थांबणारा पशुवैद्यक एवढं होऊ शकतं. सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांपासून करा. दंडाच्या दुरुस्तीचं विधेयक पुढच्या अधिवेशनात आणा.

तांबडा अजून माझ्याकडेच आहे. गुडघा भरला, पण गाडीचा आवाज आला की दावं ताणून मागे सरकतो.

तेव्हा खांदमळणीला या. भाषण ठेवलेलं नाही, हारतुरेही नाहीत. जुवाखाली खांदा द्यायचा विचार असेल तर पांढरा सदरा घालू नका, हळदीचा डाग निघत नाही.

आपला,
निफाड तालुक्यातला एक शेतकरी